कोबीचं लोणचं आणि कोरियन पाहुणी

९ मे, शुक्रवार
सुनेत्रा पुण्याला गेली. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. तीन आठवडे किचन माझ्या ताब्यात. एअरपोर्टपर्यंत कुकरबद्दल सूचना देत होती. मी एकही ऐकली नाही. जो माणूस शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात अख्खं परचेस डिपार्टमेंट चालवतो, त्याला कुकर शिकवायचा म्हणजे कमाल आहे.

संध्याकाळी लेकीने, अस्मीने, बातमी दिली. शाळेतली मैत्रीण युना, कोरियाची, पुढच्या शनिवारी आपल्याकडे जेवायला येतेय. अस्मी सोळा वर्षांची झाली, पण तिने आजवर एकही मैत्रीण घरी आणलेली नाही. कायम मॉल. तिला आपल्या घराची लाज वाटते, असं सुनेत्रा म्हणते. मला तसं काही वाटत नाही. तरी तीनदा विचारून घेतलं, नक्की येणार ना.

युनाने निरोप दिलाय म्हणे, स्पेशल काही नको, तुम्ही रोज जेवता तेच, दाल-राइस. आता याला काय म्हणावं! लोक संकोचाने असंच म्हणतात. "काही करत बसू नका, साधा वरण-भात चालेल" म्हणणाऱ्याला खरंच वरण-भात वाढला, तर तो जन्मभर नावं ठेवतो. दुसऱ्या मजल्यावरच्या निनादने मला एकदा वाढला होता. मी अजून ठेवतोय.

अस्मीला हे कळत नाही. इथेच वाढलेली. "बाबा, शी मीन्स इट," म्हणाली. मी लक्ष दिलं नाही. ठरलं: कोरियन जेवण, माझ्या हातचं.

१० मे, शनिवार
दुबईच्या करामा भागात जाऊन कोरियन हॉटेलात रिसर्च केला. बसल्या बसल्या न मागता आठ वाट्या पुढ्यात. मोड आलेलं कडधान्य, कोबी, काकडी, पालक. म्हणजे नुसती ताटाची डावी बाजू. उजवी येईल म्हणून थांबलो, तर डावीच संपली की परत भरून देतात! शेजारच्या टेबलावरचे लोक डोळे मिटून खात होते. लोकांना काहीही चालतं.

पलीकडच्या एशियन ग्रोसरीत लाल तिखटाची पेस्ट, डबी अठ्ठावीस दिरहम. साडेसहाशे रुपये, मिरच्या वाटायचे! काउंटरवरच्या खैरुद्दीनला म्हटलं, भाई, हमारे यहाँ इसको ठेचा बोलते हैं. तो म्हणाला, येस सर, नेक्स्ट. गिऱ्हाइकाशी कसं बोलावं याची अक्कल नाही. पेस्ट घेतली नाही. घरी कांदा-लसूण मसाला आहे.

११ मे, रविवार
किमची, म्हणजे त्यांचं कोबीचं लोणचं, घातली. व्हिडिओतली बाई म्हणते, थंड जागी ठेवा, रोज झाकण उघडा. ती म्हणणारच, बिचारीकडे ऊन कुठलं. लोणच्याला ऊन दाखवावं लागतं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. आणि इथे आमच्या अल कुसैसमध्ये ऊन फुकट आहे. ते लोक माशाचा सॉस घालतात, तिथे मी हिंगाची फोडणी घातली. वर तेलाचा थर. बरणी घट्ट बंद करून बाल्कनीत ठेवली.

१३ मे, मंगळवार
बरणी बसल्या जागी सूं सूं करतेय. छान मुरतेय.

१४ मे, बुधवार
वॉचमन यूनुस आला. वरच्या मजल्यावरून कंप्लेंट आहे, तुमच्याकडे ड्रेनेज तुंबलंय का? म्हटलं, माझ्याकडे काय विचारतोस, प्लंबर बोलाव. प्लंबर आला, तासभर पाइप ठोकून गेला. काही सापडलं नाही. मेंटेनन्सवाल्यांच्या नावाने खडे फोडले.

अस्मीने परत विचारलं, वरण-भातच का नको. म्हटलं, वरण-भात काय, कोणीही करतं.

१७ मे, शनिवार, दुपारी ४
किंबाप चालू आहे. भाताची गुंडाळी. त्याला चिकट तांदूळ लागतो, जपानी. का बुवा? आपला इंद्रायणी काय कमी चिकट आहे? पाच शिट्ट्या दिल्या.

सायंकाळी ६
भात जरा जास्तच चिकट झाला. गुंडाळता येईना, म्हणून डावाने भरला. बशीत ठेवला की पसरतो. फ्यूजन म्हणून सांगेन.

रात्री ९
बरणीचं झाकण मी उघडायच्या आतच उडालं, थेट छताला. पडद्यावर कोबी. उरलेली किमची वाढली. वास घेताच युनाच्या डोळ्यांत पाणी आलं. आजीची आठवण झाली असणार. तिने बाजूला चिरून ठेवलेली काकडी खाल्ली. सगळी. अस्मीने हळूच विचारलं, थोडी डाळ आहे का. म्हटलं, पाहुण्यांसमोर शोभतं का हे? मग दोघी खोलीत गेल्या आणि थोड्या वेळाने शवर्मावाला बेल वाजवून गेला. हल्लीच्या मुलांची जीभच मेलीय. एकूण कार्यक्रम यशस्वी.

१९ मे, सोमवार
अस्मी बोलत नाही. परीक्षेचं टेन्शन असेल. तिला म्हटलं, शनिवारी युनाला परत बोलाव, आता रामेन करतो. "इट्स ओके, बाबा," म्हणाली. म्हणजे होकारच.

२४ मे, शनिवार
रामेनचं सूप सकाळपासून उकळतंय. आठ वाजले तरी दोघींचा पत्ता नाही. अस्मी फोन उचलेना. शेवटी शोधायला खाली उतरलो. दुसऱ्या मजल्यावर निनादचं दार उघडं, बाहेर अस्मीचे बूट.

आत युना मांडी घालून वरण-भात खात होती, हाताने. भाताला आळं करून तूप कसं सोडायचं, ते अस्मी तिला दाखवत होती आणि खो खो हसत होती. आमच्या घरात एवढं हसताना मी तिला पाहिलेलं नाही. निनादची बायको मुग्धा वाढत होती. युनाने विचारलं, तुझे बाबा हे घरी करत नाहीत का? अस्मीची पाठ माझ्याकडे होती.

"बाबा कुक्स टू विन," ती म्हणाली. "वी जस्ट वॉन्टेड डिनर."

तेवढ्यात मुग्धाने मला पाहिलं. या ना भाऊजी म्हणाली, आणि पान वाढलं. वरण पातळ. मीठ कमी. निनादकडे काही सुधारणा नाही. तीनदा घेतलं. अस्मी माझ्याकडे बघत नव्हती.

२५ मे, रविवार
सकाळी सुनेत्राला फोन केला. सहज, क्रॉस-चेक म्हणून. वरणाच्या डाळीत पाणी किती घालायचं, आणि हळद आधी की नंतर. ती म्हणाली, "कोण येणार आहे जेवायला?"

म्हटलं, कोणी नाही. अस्मी आहे.