भिंगरी थांबायला शिकली

१२ जून
शाळेतून पुन्हा चिठ्ठी! भिंगरी जागेवर बसत नाही. तीन गोष्टी सांगितल्या तर एकच करते. खोडरबर घेतला म्हणून शेजारच्या मुलीला चावली. दादाची ही लेक माझ्याकडे येऊन तीनच महिने झालेत, पण बाईंपुढे मान खाली माझी!

१९ जून
दवाखान्यातल्या समुपदेशक बाई तासभर तिच्याशी खेळल्या. मग मला आत बोलावलं. मी भीतभीत विचारलं, "डोक्यात काही कमी आहे का हो?"
"काही कमी नाही. दोन-दोन दिवस कोंडून ठेवलेलं पोर ते. बाप कसा घरी आलाय हे पावलांच्या आवाजावरून ओळखण्यातच सगळी बुद्धी खर्ची पडली. थांबणं, लक्षात ठेवणं, स्वतःला आवरणं — हे शिकायला उसंतच कुठे मिळाली? आता द्या. शिकेल."
दादाचा राग आला. त्याहून जास्त स्वतःचा. तो पितो, हे मला ठाऊक होतं. मी आपली गिऱ्हाइकांचे कपडे शिवत बसले!

२ जुलै
एक खेळ सुचला. शिलाई मशीन चालू असेल तोवर भिंगरीने नाचायचं. मशीन बंद — जिथल्या तिथे पुतळा! आज एकदाही थांबली नाही. मी मात्र बाही उलटी जोडली.

३० ऑगस्ट
थांबली!! एक पाय हवेत, ओठ घट्ट मिटलेले, अंगभर थरथर — पण थांबली.

११ ऑक्टोबर
हल्ली बटणांचा खेळ. आधी रंगाप्रमाणे वेगळी करायची, मी "भोकं!" म्हटलं की भोकांप्रमाणे. पहिल्या दिवशी चिडून डबाच भिरकावला होता. कपाटाखालून अजून बटणं निघतात. आज एकदाही चिडली नाही. वर मलाच म्हणते, "आत्या, चुकलीस. हे चार भोकांचं आहे."
चुकलेच होते!

१८ डिसेंबर
न्यायला लवकर गेले. मैदानात घसरगुंडीची रांग. मागच्या मुलीने भिंगरीला ढकललं. तिची मूठ वळली. मूठ तशीच धरून उभी राहिली. मग मोठ्याने म्हणाली, "माझा नंबर आहे." आणि घसरली!
दुपारी कोटाचं माप घेता घेता गिऱ्हाइकाला सगळं सांगितलं. ते म्हणाले, "अहो, छातीचं माप चौथ्यांदा घेताय." घेईन! माझीच छाती आज दोन इंच फुगली होती.

३ फेब्रुवारी
दादा आला. सात महिने झाले, प्यायला नाही. तब्येत सुधारलीय. लेकीला घरी न्यायचंय म्हणतो. मी मशीन थांबवलं.
भिंगरी त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "बाबा, आधी तुम्ही इथे येत जा. रोज. मी बघते. मग ठरवते."