दत्ता, तुझी पट्टी आम्ही सोडली

प्रिय दत्ता,

तालमीहून आत्ताच घरी आलो. खरं तर पाय तुझ्या घराकडे वळले होते. नाटकाचं काहीही घडलं की आधी तुला सांगायचं, ही सवय मोडत नाही रे. अर्ध्या वाटेवरून परतलो आणि लिहायला बसलो.

देवीच्या उत्सवातलं आपलं संगीत नाटक यंदा बंद पडणार होतं. राजाची पदं म्हणणारा तूच उरला नाहीस! सभेत पोरं म्हणाली, ऑर्केस्ट्रा आणूया. मी पेटलो. "करमणूक भाड्याने मिळते, नाटक आपल्यालाच करावं लागतं! दिवसभर जाळी ओढणारा माणूस इथे प्रधान म्हणून उभा राहतो, तो मान कुठला ऑर्केस्ट्रा देणार?" टाळ्या पडल्या. मग मागून पांडू प्रधानजी म्हणाला, "भाई, भाषण बरा झाला. पण पदां कोण म्हणतलो? तू?"

सगळा मंडप हसला. तू असतास तर तुझंच हसणं सगळ्यांत मोठं असतं.

तूही कमाल केलीस! इतकी वर्षं गायलास, मागे कुणाला तयार का केलं नाहीस? कुडाळच्या औषधाच्या दुकानातून सुटून एसटीने यायचास आणि गुणगुणतच उतरायचास. मी विचारलं की म्हणायचास, "मी आसंय मां! माका काय होता?" आणि आम्ही, शहाणीसुरती माणसं, ते खरं मानत आलो.

आठवतं? ऐन पदात तुझी मिशी सुटली होती. तू ती चिमटीत धरून तान पुरी केलीस. पुढच्या बायका ओरडल्या, "मिशी ऱ्हवांदे रे, परत म्हण!" असा राजा आता कुठून आणायचा?

तर त्याच सभेत तुझी मुक्ता उठली. "बाबांची पदां माका येतत. राजा मी करतंय." कुजबुज झाली, पण नको म्हणायची कुणाची छाती झाली नाही. स्वयंपाकघरात भाकऱ्या थापताना तिने तुझी पदं कधी उचलली, हे तुला तरी ठाऊक होतं का?

आज तिची पहिली तालीम. बंडूने पेटीवर सूर धरला, काळी एक. तुझ्या आवाजाची पट्टी. इतकी वर्षं त्याची बोटं आपोआप तिथेच पडतात. मुक्ताने पद सुरू केलं. खालचे स्वर तिच्या गळ्यातून बाहेरच येईनात. बंडूने पुन्हा तोच सूर दिला. ती पुन्हा अडली. चूक लहान पोरालाही कळली असती, पण पट्टी कुणी बदलली नाही. उलट मीच म्हणालो, "गो, जरा जोर लाव."

"भाईकाका, जोर लावन काय होतला? ही पट्टी बाबांची. माका काळी चार व्हयी."

बंडूने पेटीवरचा हात उचलला आणि तो माझ्याकडे बघत राहिला. "भाई, ही पट्टी सोडली तर दत्ताकच सोडल्यासारखा वाटता रे."

मला काय वाटलं, सांगू? नाटक बंद पडलं तरी चालेल, पण ही पट्टी राहू दे! सभेत नाटकासाठी भांडणारा मी, एका पट्टीला चिकटून बसलो होतो. मुक्ता मात्र आमच्यावर न रागावता, न रडता उभी होती. शेवटी मीच मान हलवली. बंडूचा हात वर सरकला.

तिचा आवाज मोकळा झाला, दत्ता! तुझ्यासारखा मुळीच नाही. तू जिथे तान घ्यायचास तिथे ती नुसती थांबते, आणि ते थांबणं काळजाला लागतं. पद तेच आणि त्यात तू नाहीस. तू गेल्यापासून तुझी इतकी आठवण आली नव्हती.

उत्सवात लोक कुरकुरणारच. "दत्ता असा म्हणी नाय," असं कुणीतरी मोठ्याने बोलेल. तेव्हा मी उभा राहून म्हणेन, "दत्ता गेलो. आता मुक्ताचा ऐका." एवढी भाषणं केली, पण यातले पहिले दोन शब्द मी अजून एकदाही तोंडातून काढलेले नाहीत. त्या दिवशी काढीन, सगळ्या गावासमोर. हे माझं वचन.

तुझो,
भाई