निळ्या झाकणाची टाकी

अकोला,
बुधवार, ११ फेब्रुवारी २०२६

चि. धर्मेंद्र यास भगवंतराव काकाजीचे आशीर्वाद.

गाडी आज सकाळी साडेदहा वाजता सुरू झाली. वर्कशॉपच्या आरती मॅडमनी स्वतः केबिनमध्ये चढून दाखवलं. डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा विझला आणि लॅपटॉपवर एकही दोष उरला नाही. उद्या सकाळी बोरगावपर्यंत रिकामी चालवून पाहतील आणि दुपारी ताबा देतील, असं त्या म्हणाल्या. गाडी तुझ्या हातची, म्हणून तुला आधी कळवतो. नितेशला मॅडम आज संध्याकाळी फोन करणार आहेत.

घरी सगळे बरे आहेत. तुझ्या काकी कौशल्याच्या गुडघ्याला थोडा आराम आहे. हरभरा सोंगायला आला. तुझ्या प्रतीक्षाची बारावीची परीक्षा कालपासून सुरू झाली असेल. आमची सूनबाई आचल रोज तिची आठवण काढते. पोरीला सांग, पेपर सोडवताना घाई करू नको.

तू गेल्यावर गाडीजवळ कुणीतरी राहायला हवं होतं. मी नितेशला म्हटलं, मी राहतो. त्याला नवल वाटलं. "बाबा, तुमाले तिथं झोप येईन का?" म्हणाला. अकरा दिवस झाले, वर्कशॉपच्या मागच्या ड्रायव्हर रूममध्ये खिडकीजवळच्या खाटेवर असतो. झोपेचं विचारू नको.

कामाला इतके दिवस का लागले ते लिहितो. आधी कंपनीचा इंजिनिअर यायचा होता, तो पाचव्या दिवशी आला. त्याने फोटो काढले, टाकीतलं पाणी बाटलीत भरून घेतलं आणि वॉरंटीत बसत नाही असं लिहून गेला. मग नागपूरहून पंप आला, तो दुसऱ्याच मॉडेलचा निघाला. परत पाठवला. सायलेन्सर उतरवला तेव्हा आतल्या नळीत पांढरे खडे बसले होते, पितळी भांड्यात खारं पाणी आटवावं तसे. पोरांनी दोन दिवस धुऊन काढले. मी समोर स्टूल टाकून बसलो होतो.

इथले ड्रायव्हर माझ्याशी फार चांगले वागतात. पहिला चहा मला देतात. खामगावचा एक जण दुसऱ्याला सांगत होता, "त्या भातकुलीच्या गाडीचा डायवर युरिया इकून खाऊन गेला. बिचाऱ्या बुढ्याले आता गाडी राखा लागून राहिली." तो बिचारा बुढा भिंतीकडे तोंड करून पडलेला होता, जागा.

परवा खुशालराव ट्रान्सपोर्टवाल्यांचा मुनीम इथे बिल घ्यायला आला होता. तू त्यांच्याकडे कामाला गेला होतास आणि त्यांनी दारातूनच परत पाठवलं, हे त्याच्याकडून कळलं. "कोन, तो युरियावाला? नको रे बाप्पा," असं खुशालराव म्हणाले म्हणे, आणि ऑफिसात सगळे हसले. आपल्याकडे चिकटलेलं नाव नातवापर्यंत जातं, हे तुला सांगायला नको. आमच्या गावात अजून एक घर 'कांदेचोर' आहे. कांदे कुणी चोरले होते ते आता त्या घरालाही माहीत नाही.

धर्मेंद्र, आता मुद्द्यावर येतो.

२५ जानेवारीच्या रविवारी तू सुट्टीवर होतास आणि गाडी आमच्या आवारात उभी होती. तू फोन केलास, "काकाजी, युरियाचा काटा खाली आला. त्या निळ्या झाकणाच्या टाकीत युरिया टाकून द्या, मंगळवारी लवकर निघा लागते." मी म्हटलं, टाकतो. सोसायटीत सचिव म्हणून बावीस वर्षं मी युरियाची पोती वाटली आहेत. कोणत्या पिकाला किती, कधी, हे लोक मला विचारायला येत. युरिया कोणता, हे तुला विचारावं असं मनातसुद्धा आलं नाही. गव्हातलं उरलेलं अर्धं पोतं शेडात होतं. बादलीत कालवायला घेतला तर पाणी बर्फासारखं गार पडलं, म्हणून कौशल्याकडून गरम पाणी मागवलं. जुन्या धोतराने दोनदा गाळून ओतला. तुझ्या कामात हातभार लागला याचा मला आनंद झाला होता.

शेडाच्या कोपऱ्यात तू आणून ठेवलेला पांढरा डबा मी पाहिला होता. त्यात बॅटरीचं पाणी असेल असं समजलो. गाडीचा धूर साफ करायला तयार पातळ युरिया वेगळा मिळतो, हे मला ठाऊक नव्हतं.

२९ तारखेला मी डोळे दाखवायला तुझ्या शेजारी बसून अकोल्याला निघालो. मूर्तिजापूरच्या अलीकडे गाडीने दम सोडला. रुईच्या गाठी भरलेल्या, आणि सायकलवाले आपल्या पुढे जायला लागले. तिथल्या मिस्त्रीने डिझेलचा फिल्टर बदलला, लाइनमधली हवा काढली, मग टर्बो गेला म्हणाला. तू एकटाच म्हणत होतास की हा दिवा युरियाचा आहे. तू मला विचारलंस, "काकाजी, तुमी त्या पांढऱ्या डब्यातलाच टाकला ना?" त्याच वेळी मला कळलं. मी म्हटलं, "हो."

हे पहिलं खोटं. तू त्यावर विश्वास ठेवलास आणि पुन्हा विचारलं नाहीस.

३१ तारखेला वर्कशॉपला टाकी उघडली तेव्हा आपण चौघे उभे होतो. आरती मॅडम म्हणाल्या, "हा गाडीचा युरिया नाही, खताचा आहे. खताला लावतात त्या कडुनिंबाच्या तेलाचा वास येतो, घ्या, तुम्हीच पाहा." नितेश तुझ्यावर उसळला.

"काहून बे, डबे इकून खत कालवून टाकलं का?"

"मी काई इकलं नाई, नितेशभाऊ."

"मंग कोनं टाकलं? माह्या बापानं टाकलं काय?"

वर्कशॉपची दोन पोरं हसली. तू माझ्याकडे पाहिलंस. मी हातातलं निळं झाकण पाहत होतो. तू किल्ली काउंटरवर ठेवलीस आणि निघून गेलास. एक शब्द बोलला असतास तर नितेशने मला विचारलं असतं. तू बोलला नाहीस. माझी लाज राखली, की मी बोलायची वाट पाहिली, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. दोन्हींत मी सारखाच दिसतो.

का बोललो नाही त्याची कारणं माझ्याकडे आहेत. गाडी घेऊ नको असं मीच नितेशला म्हणत होतो, आणि "तुमाले गाडीतलं काय समजते" असं तो म्हणाला होता. ते त्याला खरं करून द्यायचं नव्हतं. पण कारण एवढंसं आणि नाव तुझं गेलं. इथे राहायला कपडे आणायला घरी गेलो तेव्हा तो पांढरा डबा भरलेलाच होता. मी त्यावर बारदाना टाकून आलो. हे कौशल्यालासुद्धा माहीत नाही.

फोन तू उचलत नाहीस, ते बरोबर आहे. तसंही हे फोनवर सांगून भागलं नसतं, तुझ्या हातात कागद हवा. म्हणून खालचा मजकूर वेगळा लिहितो. कुणालाही दाखव.

'मी, भगवंतराव किसनराव इंगोले, लिहून देतो की आमच्या गाडीच्या टाकीत शेतीचा युरिया मी स्वतः, माझ्या अज्ञानाने टाकला. ड्रायव्हर धर्मेंद्र वानखडे यांचा त्यात काही संबंध नाही. त्यांनी काहीही विकलेले नाही. खरी गोष्ट माहीत असून मी तेरा दिवस गप्प राहिलो.'

परत ये असं मी लिहीत नाही. तो अधिकार मी घालवला. नितेश तुझ्या दारी येईल की नाही, तेही त्याच्या वतीने सांगू शकत नाही. तो आधी माझ्यावर रागावेल, आणि त्याला वेळ लागेल.

हे पत्र मी आता चारच्या टपालात टाकतो आणि मगच त्याला फोन करतो. पत्र आधी, कारण माझ्या तोंडाचा मला भरवसा राहिलेला नाही. उद्या अकरा वाजता मी त्याला वर्कशॉपला बोलावणार नाही, खुशालरावांच्या ऑफिसात बोलावणार आहे. त्या वेळी तिथे मुनीम असतो, माल भरायला आलेले आठ-दहा ड्रायव्हर असतात; त्या सगळ्यांसमोरच सांगेन. खामगाववाल्यालाही चल म्हटलं आहे. कशासाठी, ते त्याला सांगितलेलं नाही. तो म्हणाला, "चाला ना काकाजी, तुमाले एकट्याले कसं जाऊ देनार."

तुझ्या क्षमेस पात्र ठरलो तर पाहा,
भगवंतराव किसनराव इंगोले
ता. भातकुली, जि. अमरावती