फळीतून कापलेली नाताळची झाडं

२ डिसेंबर

"थँक यू, मॅडम." चहा दिला तर धीरज म्हणाला. लग्नाला बारा वर्षं झालेली बायको मी — मॅडम!

स्कूटरच्या अपघातानंतर त्याला आई आठवते, नगरचं घर आठवतं, चर्च आठवतं. मी नाही. आधी खूप रडले. आता काही वाटत नाही. गोळ्या देते, ऑफिसला जाते, येते.

४ डिसेंबर

सासूबाईंनी पुन्हा सांगून पाहिलं. "अरे, क्षिप्रा बायको आहे तुझी!" घाबरला. लग्नाचा आल्बम भिरकावला. संध्याकाळी सगळं विसरलाही होता. इथले हिंदी डॉक्टर म्हणाले, "ज़ोर मत डालिए." चलो, नाही सांगणार. मी देखभालीला ठेवलेली मॅडम. बिल्कुल ठीक.

७ डिसेंबर

थेरपीवाल्या बाईंनी विचारलं, पुराना कोई शौक? होता ना. दर वर्षी चर्चच्या स्टॉलसाठी चिडाच्या, म्हणजे पाइनच्या, फळीतून नाताळची झाडं कापायचा — वीतभर उंच, खाली लाकडाचा ठोकळा. सासूबाईंनी माळ्यावरून करवत काढली. मी फळीवर पेन्सिलीने झाड काढून दिलं. त्याने बघितलं. उठून आत गेला.

८ डिसेंबर

काही नाही.

१० डिसेंबर

फळी गॅलरीत तशीच पडलेली. मीच कापायला बसले. करवत अडकते, फळी नाचते. मागून आवाज — "मॅडम, दाबू नका. तिचं तिला जाऊ द्या." आला, फळीवर पाय ठेवला, करवत घेतली. थांबत थांबत, पण अख्खं झाड कापलं! एक बाजू तिरकी.

सासूबाई तोंडाला पदर लावून आत गेल्या. मला आनंद व्हायला हवा होता. भुसा झाडला. कुकर लावला.

१४ डिसेंबर

रविवार. बाहेर थंडीचं धुरकं इतकं की समोरचे क्वार्टर्स दिसत नाहीत. हॉलमध्येच पेपर पसरले. तो कापतो, मी काचपेपर मारते.

"तुम्ही कमी बोलता," एकदम म्हणाला.

"हो."

"बरं वाटतं. बाकी सगळे सारखं काहीतरी आठवायला सांगतात."

१८ डिसेंबर

मीटिंग लांबली, उशीर झाला. घरी बघते तर फळीला हात लावलेला नाही. "मॅडम आल्यावर करू म्हणतो," सासूबाई म्हणाल्या. फळी धरायला कोणी हवं, दुसरं काय.

२१ डिसेंबर

झाडं स्टॉलवर पोचवली. काम संपलं. परत येताना रिक्षात त्याने विचारलं, "आता तुम्ही जाणार का?" मी रिक्षावाल्याला वळण दाखवलं.

२२ डिसेंबर

सकाळी गॅलरीत आला. माझ्याकडे न बघता — "तुमचं लग्न झालंय?"

"नाही," म्हटलं.

कान तापले माझे!