खजुराचा डबा

लालबाग, मुंबई
१२ ऑगस्ट २०२४

प्रिय स्वप्नीलदादा,

नमस्कार. इथे सगळे बरे. काकूच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्या निघाल्या विचारते, "माझो झील गणपतीक येतलो मा?" म्हटलं, विचारते तुझ्या लेकाला.

आपल्या चाळीतला रघु दुबईला नोकरीला येतोय. त्याच्याकडे हे पत्र आणि खजुराचा डबा देतेय. दुबईला खजूर पाठवते म्हणून हसू नकोस. त्याच्यासमोर एकेक खजूर फोडून बी दाखवली. म्हणाला, "ताई, तू पण ना! घरीपण कस्टमवाली!" आहेच मी रे. विमानतळावर पाचवं वर्ष चालू आहे.

दुबईहून परतताना तू दिलेला डबा बाबांनी उघडला नव्हता. जन्मात एकदा विमानात बसले, ते तुझ्याच तिकिटावर. आपल्याकडे कुणी गावाला निघालं की दहा घरांचे डबे नेतं, आणि "दुसऱ्याचो डबो उघडूचो नसता गो बाय," हे त्यांनीच मला शिकवलं. त्या खजुरांत बियांच्या जागी सोनं निघालं. अधिकाऱ्याने विचारलं, बॅग कुणी भरली? म्हणाले, "मीच." पुतण्याचं नाव ओठांवर येऊ दिलं नाही.

मग कोर्टाच्या तारखा. चाळीतल्या भजनाला जायचे बंद झाले. दार लावून एकटेच टाळ वाजवायचे. तिसऱ्या वर्षी गेले. तू व्हॉट्सॲपवर दोन हात जोडलेस. मेल्या, तुला लाज कशी वाटली नाही?

मागच्या महिन्यात त्यांचा जुना मोबाईल चार्ज केला. तुझा मेसेज अजून आहे. "काका, खजूर फोडू नका. माझा मित्र घरी येऊन डबा नेईल."

तो मोबाईल मी कस्टमच्या साहेबांना लेखी अर्जासोबत दिला. नात्यातली केस, म्हणून मला त्या फाइलला हात लावायचा नाही. बरंच झालं. तुझ्या नावाचं समन्स निघालंय.

गणपतीला आलास तर साहेब तुला विचारतील. नाही आलास तर का नाही आलास, ते काकूला मी सांगेन. अगदी शेजारी बसून, सावकाश सांगेन. वाईट वाटेल तिचं, पण सांगेन.

तुला तोच प्रश्न विचारतील, बॅग कुणी भरली? तुझ्यासाठी "मीच" म्हणणारा एकच माणूस होता. तो तू संपवलास.

'तुझी' लिहवत नाही.

कै. गुणाजींची मुलगी,
मेघना