डॉक्टरबाईंचा फोटो

ठमे,

जरा कल्पना कर. निवडणुकीला उभ्या असलेल्या तुझ्या आईचा भिंतीवरचा फोटो, आणि त्यावर काळ्या रंगात लिहिलंय, 'आधी घर सांभाळ!' कल्पना कशाला, गेल्या आठवड्यात तू तो पाहिलास. तेव्हा तुझा काका नुसता लालबुंद झाला होता. आज तेच शब्द समोरच्या पक्षाच्या डॉक्टरबाईंच्या फोटोवर आहेत. काकाला विचारलं, तर म्हणतो, "अण्णा, गंमत हो!" आणि पुन्हा तोंडावर पांघरूण. त्याच्या नखांत काळा रंग आहे.

मला बाईंचं एकही मत पटत नाही. नळाला पाणी का नाही, यावर त्यांच्याशी खुशाल कडाकडा भांडावं. पण हे भांडण नव्हे, हा नीचपणा आहे, आणि तो आपल्या घरातून गेलाय. आईला अजून माहीत नाही.

मी भिंत पुसायला गेलोय. दूध झाकून ठेवलंय, ते पिऊन शाळेत जा.

आजोबा

ठमीने दुधाला हात लावला नाही. मोरीतलं फडकं ओलं करून तिने काकाच्या पांघरुणात टाकलं आणि म्हणाली, "ऊठ काका, भिंत पुसायची आहे."