नाव न घेता ओलांडलेली सरहद्द

ओश, रविवार

प्रिय बेगायिम,

आधी तुझ्या रागाचं उत्तर देतो, मग बाकीचं. गेले काही दिवस तू फोन करतेस आणि 'नाव मिळालं का?' असं विचारलंस की मी तुला जर्दाळूचं पीक कसं आहे ते सांगू लागतो, तुझी आई फोन माझ्या हातात देते आणि तुझी आजी फोनकडे पाठ करून बसते. 'तुम्हा तिघांना झालंय काय? इथे पाळणा सजवायचा खोळंबलाय, सासूबाई विचारतात, मी काय सांगू?' असं तू काल म्हणालीस ते अगदी रास्त आहे. कोल्हापूरच्या घराने मोठ्या मनाने सांगितलं की मुलाचं नाव तुमच्या थोरल्यांकडून येऊ द्या, आणि त्यासाठी बारसं थांबवलं. त्यांच्यापुढे तुझी मान खाली जावी असं आम्ही काही केलेलं नाही. नाव मिळालं आहे. ते या पत्रात, शेवटी आहे. लहानपणी पुलावातलं मांस आधी वेचून भात तसाच ठेवायचीस, तसं इथे करू नकोस. क्रमाने वाच.

निरंजनला हे वाचून दाखवशीलच, म्हणून तुला ठाऊक असलेलंही थोडं लिहितो. आपल्या घरातल्या प्रत्येक मुलाचं नाव मिर्झाबांनी ठेवलेलं आहे. ते तुझ्या आजोबांचे थोरले भाऊ. पूर्वी सगळं कुटुंब एकाच बाजूला होतं. मग देश दोन झाले, आपलं घर ओशला राहिलं आणि त्यांचं सरहद्दीपलीकडे, अंदिजानकडच्या गावात. त्यांच्याकडून नाव आणायचं तर समोर बसून, रोटी मोडून, तोंडाने मागायचं. फोनवर मागायची आपांची, म्हणजे तुझ्या आजीची, तयारी नव्हती, आणि असती तरी उपयोग नव्हता. तुला मुलगा झाल्याचं आम्ही घरातल्या सगळ्यांनी आळीपाळीने ओरडून सांगितलं, तेव्हा मिर्झाबा म्हणाले, 'सापडली का? मग बांधून ठेवा.' त्यांना वाटलं आपली मेंढी हरवली होती. त्यात यंदाच्या हिवाळ्याने त्यांची छाती धरली. आपा म्हणाल्या, 'वसंतात ते बसते झाले आहेत. पुढच्या हिवाळ्याचं मला कुणी सांगू नका. पणतवंडाला नाव त्यांच्याच तोंडून यायला हवं.' त्यांचे गुडघे कुरकुरत होते, तुझ्या आईच्या शाळेत परीक्षा होत्या, तेव्हा सोबतीला उरलो मी.

आता निरंजनसाठी दुसरी गोष्ट. इथली जुन्या वळणाची सून सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव घेत नाही. आपल्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नसत आणि घ्यायचंच झालं तर उखाण्यात गुंडाळून घेत. इथे गुंडाळूनही चालत नाही. सासरा, दीर, थोरली नणंद, सगळ्यांना तिने नवीन नावं ठेवायची आणि जन्मभर तीच वापरायची. शिवाय एखाद्याचं नाव नेहमीच्या वापरातला शब्द असेल, तर तो शब्दही तिच्यापुरता भाषेतून गेला. आपा दगडाला दगड म्हणत नाहीत, 'जड' म्हणतात. पित्ताशयात खडे झाले तेव्हा डॉक्टरला त्यांनी 'माझ्या पोटात जड आहेत' असं सांगितलं होतं, आणि त्याने त्यांना उपास करायला लावला होता. मी किर्गिझ भाषा शिकलो ती आपांच्या स्वयंपाकघरात. त्यामुळे विद्यापीठात संस्कृत शिकवणारा हा इसम बाजारात जुन्या सासुरवाशिणीसारखा बोलतो, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आलं. कुंपणाच्या वेळी मी गवंड्याला 'दोन गाड्या जड आण' म्हटलं होतं. तो अजून भेटला की आपल्या सोबत्यांना खूण करतो.

तर आम्ही निघालो. आपांनी पांढरा रुमाल बांधला होता, मिर्झाबांसाठी नवी टोपी घेतली होती, आणि पिशवीभर बोरसोक तळून घेतले होते, जणू पलीकडच्या देशात पीठ मिळत नाही. आपली चौकी हसत पार पडली. पलीकडच्या चौकीत सरदोर नावाचा एक तरुण अधिकारी होता. नवी वर्दी, नवी मिशी, दोन्ही काळजीपूर्वक राखलेल्या. त्याने माझा पासपोर्ट उलटसुलट केला. नागरिक किर्गिझ, जन्मस्थान वाई. 'हे कुठे आलं?' मी म्हटलं, कृष्णेकाठी. त्याने मला बाजूला उभं केलं. तिथून माझ्या कुठल्याच उत्तराचा मला फायदा झाला नाही.

'ही बाई कोण?' सासू. 'सासूला घेऊन कोण फिरतं?' असं म्हणून त्याने आपांना वेगळ्या खिडकीशी नेलं. पण खोली एकच, त्यामुळे ऐकू सगळं येत होतं. 'आजी, हा माणूस कोण?' 'जावई.' 'नाव काय त्याचं?' आपांनी विचार केला. 'आहे काहीतरी लांबलचक. मी जावईच म्हणते. ओ देतो.' 'बरं, चाललात कुणाकडे?' 'आमच्या थोरल्यांकडे.' 'त्यांचं नाव?' आपांनी रुमाल सारखा केला. 'आजी, ज्याच्या घरी उतरणार त्याचं नाव लिहावं लागतं.' 'मग लिही की.' 'काय लिहू?' 'ते तू त्यांना विचार, बाळा. मी कशी सांगू?' 'तुम्हाला माहीत नाही?' 'माहीत नसायला काय झालं? लग्न होऊन आले त्या दिवसापासून माहीत आहे.'

सरदोर माझ्याकडे आला. मी हसलो, कारण हा तिढा सोडवणं माझ्या हातात आहे असं मला वाटलं. मी ठणकावून सांगितलं, मिर्झा. त्याने गावाचं नाव विचारलं, यंत्रात शोधलं आणि शांतपणे म्हणाला, त्या गावात त्या घरी मिर्झा नावाचा कुणी राहत नाही. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मिर्झाबा हे आपांनी लग्नानंतर ठेवलेलं नाव. घरातल्या पोरांनी ते उचललं, तुझ्या आईने उचललं, तू उचललंस, मी तर आयतंच उचललं. एका वस्तूला वीस समानार्थी शब्द तोंडपाठ असलेल्या मला, ज्याच्या घरी इतकी वर्षं जेवतो आहे त्या माणसाचं खरं नाव ठाऊक नव्हतं. दर वेळी चौकीत बोलण्याचं काम तुझ्या आईचं; तिला फोन केला की प्रश्न मिटला असता, पण चौकीत फोन वापरायला मनाई. ते मी विचारल्यावर सरदोरच्या मिशीला पहिल्यांदाच समाधान वाटलं.

बेगायिम, तेव्हा मात्र मी घाबरलो. माझं काय, मला त्यांनी परत पाठवलं असतं तर मी घरी येऊन चहा प्यालो असतो. पण आपा त्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन ताठ बसल्या होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसत होतं की इथून परतावं लागलं तर त्या पुन्हा निघणार नाहीत. गुडघे त्यांना निघू देणार नाहीत आणि पलीकडची छाती वाट बघणार नाही. मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, 'आपा, एकदाच सांगून टाका. इथे सासरचं कोण आहे ऐकायला?' त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा माझ्या जागी जाऊन उभा राहिलो. मग म्हणाल्या, 'नाव मागायला निघालेय त्यांच्याकडे. त्यांचंच इथे टाकून कशी जाऊ?'

सरदोरने वरिष्ठांना बोलावलं. मेजरसाहेब जाडजूड, डोळ्यांखाली पिशव्या असलेले, हातात चहाची वाटी. त्यांनी सगळं ऐकलं आणि एवढंच विचारलं, 'न्यायला कुणी आलंय का?' आपा म्हणाल्या, 'थोरले स्वतः आलेत. फाटकाबाहेर बसले असतील. टोपी पांढरी, ऐकू कमी.' सरदोर बाहेर गेला. फाटक तिथून दिसत नव्हतं, पण दोन्ही देशांना ऐकू जाईल अशा आवाजात त्याने विचारलेले प्रश्न आणि मिर्झाबांनी त्याहून मोठ्याने दिलेली उत्तरं आम्हाला बसल्या जागी मिळाली. 'बाबा, कुणाची वाट बघताय?' 'हो, छाती बरी आहे आता.' 'कुणाची वाट?' 'सुनेची. आमच्या धाकट्या भावाची बायको.' 'नाव काय तिचं?' काठी जमिनीवर दोनदा आपटल्याचा आवाज. मग, 'सून.' 'बाबा, तिचं नाव!' 'अरे सूनच म्हणतो आम्ही तिला. नाव माझ्या आईला ठाऊक होतं.'

सरदोर त्यांचं ओळखपत्र घेऊन परत आला आणि नियमाप्रमाणे त्यावरचं नाव मोठ्याने वाचू लागला. 'ताशबोलोत...' एवढं त्याच्या तोंडून बाहेर पडतं तोच आपांनी रुमालाचं टोक तोंडावर ओढलं आणि भिंतीकडे वळल्या. नव्या नवरीसारख्या. 'ताश' म्हणजे दगड. माझे सगळे 'जड' एकदम जागच्या जागी बसले.

मेजरसाहेबांनी चहा संपवला. मग सरदोरला जे म्हणाले ते मी घरी आल्यावर लिहून ठेवलं आहे: 'हे बघ, खोटे नातेवाईक मी जन्मभर पाहत आलोय. त्यांना एकमेकांची नावं, जन्मतारखा, दातांचा डॉक्टर कोण, सगळं घडाघडा येतं. यांना एकमेकांचं काहीही येत नाही. हे सख्खे आहेत. सोड.' एखादी गोष्ट न सापडणं हासुद्धा पुरावा असतो, असं आपले मीमांसक पानंच्या पानं सिद्ध करत बसले. इथे एका शिक्क्यात काम झालं. जाताना आपांनी मेजरसाहेबांना बोरसोक दिले. सरदोरलाही दिले, पण मोजून.

मिर्झाबा बाकावर काठीला हनुवटी टेकून बसले होते. आपा त्यांच्यापुढे वाकल्या, त्यांनी डोक्यावर हात ठेवला, आणि म्हणाले, 'तुझं नाव विचारत होता तो पोरगा. मला येईना. काय आहे गं?' आपा लाजल्या. सांगितलं नाही. आजतागायत सांगितलेलं नाही, मी विचारलं.

घरी चादर अंथरली, रोटी मोडली, आपांनी टोपी पुढे ठेवली आणि नाव मागितलं. तुझ्या वेळी मिर्झाबांनी दाढीवरून हात फिरवायच्या आत नाव दिलं होतं. या वेळी ते टोपी हातात फिरवत राहिले. मला वाटलं ऐकू गेलं नाही, म्हणून मी पुन्हा ओरडायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला. मग नाव उच्चारलं. आपांच्या हातातली चहाची वाटी तशीच राहिली. मिर्झाबा म्हणाले, 'सून, सासरचे सगळे गेले. तुला ओरडणारा मी एकटा उरलोय, आणि मी ओरडत नाही. हे नाव तू आता घे. थोरला म्हणून सांगतो.' आपांनी वाटी खाली ठेवली आणि रुमाल पुढे ओढला. परतीच्या वाटेवर मी दोनदा काहीतरी विनोदी बोललो, ते त्यांनी ऐकलंच नाही.

परतताना सरदोरच कामावर होता. आता त्याची आणि आमची जुनी ओळख. 'आजी, काय घेऊन चाललात?' आपा म्हणाल्या, 'नाव.' 'अरे वा, कोणतं?' आपांनी पिशवी छातीशी धरली. 'ते सांगता येत नाही.' त्याने कपाळावर हात मारला, आणि कसलीही तपासणी न करता आम्हाला सोडलं.

आता फोनवर का सांगितलं नाही ते. आपांचा दंडक असा की थोरल्यांनी दिलेलं नाव पहिल्यांदा बाळाच्या कानात जायचं. त्याआधी ते कुणी हवेत सोडायचं नाही. फोन म्हणजे हवा. कागदाचं काय, असं मी विचारलं, तर विचार करून म्हणाल्या, 'लिहिलेलं बोललेलं नसतं.' म्हणून हे पत्र, आणि म्हणून ते तुमच्या गावच्या, इथे मेडिकल शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या हाती पाठवतो आहे. तुमच्याकडेही आत्या कानात 'कुर्र' करूनच सांगते, तेव्हा कोल्हापूरकरांना यात काही नवीन वाटायचं नाही. मिर्झाबांनी बाळाला तुझ्या आजोबांचं नाव दिलं आहे. तुला आठवत असेल, प्रवासातून कुणी आलं की सगळे त्याला सुखरूप आलात ना असं इथल्या भाषेत दोन शब्द जोडून विचारतात, आणि आपा फक्त पहिला शब्द विचारून थांबतात. दुसरा त्यांच्या नवऱ्याचं नाव आहे. ते गेले तेव्हासुद्धा त्यांनी ते नाव घेऊन हाक मारली नाही. मी नाव लिहायला घेतलं, तर आपांनी पेन काढून घेतलं. बाळाच्या गावची अक्षरं हवीत म्हणाल्या. मी ठिपके काढून दिले, त्यांनी गिरवलं, तीन कागद फुकट घालवले, हा चौथा; माझ्या सहीखाली आहे ते त्यांचं अक्षर. बारशाला कानात सांगून झालं की लगेच फोन लाव आणि तो बाळाच्या कानाशी धर. कुणी मध्ये बोलू नका. आपांना त्याला हाक मारायची आहे.

तुझाच,
बाबा

एसेन